विक्रीचा खांब आणि नफ्याची रेघ
दोन वेगळ्या मापांचे आकडे एकाच आलेखात कसे मांडावेत?

महिन्याच्या शेवटी गल्ला मोजला की धंदा कळला, अशी समजूत आपल्या बाजारात अजून पक्की आहे. भिवंडी-मालेगावचा यंत्रमागधारक असो, मुंबईतील मोहम्मद अली रोडवरचा दुकानदार असो की छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, हिमरू विणणारा कारागीर असो. 'यंदा धंदा कसा झाला?' असे विचारले की उत्तर बहुधा रुपयांच्या एकाच आकड्यात मिळते. परंतु धंदा एका आकड्याने चालत नाही. विक्री रुपयांत असते, नफ्याचे प्रमाण टक्क्यांत असते, माल मीटरमध्ये किंवा नगांत असतो आणि उधारी किती दिवस थकली ते दिवसांत मोजावे लागते. ही चार मापे चार वह्यांत पडून राहिली तर त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध दिसत नाही, आणि धंद्याचे खरे दुखणे बहुतेक वेळा त्या संबंधातच असते.

आज पुष्कळ दुकानांत कम्प्युटर आहे आणि मुलगा किंवा मुनीम एक्सेलमध्ये आकडे भरतो. मात्र भरलेले आकडे पाहण्याची सवय नाही. म्हणून या वेळी आम्ही एकाच विषयाची माहिती देत आहोत : वेगवेगळ्या जातीचे आकडे एकाच आलेखात कसे मांडावेत, आणि मांडताना स्वतःची किंवा दुसऱ्याची फसवणूक कशी टाळावी.

हिशेब लिहिण्याचे महत्त्व आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे आणि ती मुदतीच्या उधारीचा व्यवहार इन्साफाने लिहून ठेवण्याविषयी आहे. आलेख हाही लिहून ठेवलेला हिशेबच आहे. फरक इतकाच की तो वाचायला डोळा पुरतो.

दोनशे वर्षांपूर्वीचा एक आलेख

खांबांचा आणि रेघांचा आलेख व्यापारासाठी प्रथम वापरला तो विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख पुस्तकरूपाने छापले. पुढे १८२१ साली त्याने आणखी एक आलेख काढला, आणि तो कारागिरांच्या दृष्टीने मोलाचा आहे. त्यात १५६५ पासूनच्या सुमारे अडीचशे वर्षांतील गव्हाचा भाव खांबांनी दाखवला होता आणि चांगल्या कारागिराची आठवड्याची मजुरी रेघेने दाखवली होती. खांब आणि रेघ एकाच कागदावर आणण्याची जी सोय आज एक्सेल देते, ती त्याने हाताने साधली होती.

आलेख पाहणाऱ्याला गव्हाचे उंच खांब दिसतात, मजुरीची रेघ खाली सरपटताना दिसते आणि 'बिचारा कारागीर!' असे वाटते. प्लेफेअरला मात्र उलटेच सांगायचे होते. मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी नव्हता इतका आता स्वस्त आहे, असे त्याचे म्हणणे होते. पण ते त्या चित्रातून सहज दिसत नाही, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. गव्हाच्या भावाला आठवड्याच्या मजुरीने भागून 'तेवढा गहू घ्यायला किती आठवड्यांची मजुरी लागते' हा एकच आकडा मांडला, की मुद्दा लगेच स्पष्ट होतो.

यातून व्यापाऱ्याने घ्यावयाचा धडा असा. दोन गोष्टी एका आलेखात मांडणे चांगले, पण आधी आपला प्रश्न ठरवावा. प्रश्न दोन आकड्यांच्या प्रमाणाचा असेल तर भागाकार करून ते प्रमाणच मांडावे.

दुकानाचे एक उदाहरण

समजा, तयार कपड्यांचे एक दुकान आहे. २०२५ सालच्या पहिल्या सहा महिन्यांचे त्याचे आकडे असे धरू. जीएसटी वगळून विक्री जानेवारीत ३ लाख २० हजार, फेब्रुवारीत ४ लाख, मार्चमध्ये ९ लाख, एप्रिलमध्ये २ लाख ४० हजार, मेमध्ये ४ लाख ५० हजार आणि जूनमध्ये ३ लाख ६० हजार रुपये. विक्रीतून मालाची खरेदी किंमत वजा करून उरलेल्या नफ्याचे विक्रीशी प्रमाण अनुक्रमे २०, २०, १२, २०, १८ आणि १९ टक्के.

त्या वर्षी रमजान महिना २ मार्चला सुरू झाला आणि ईद ३१ मार्चला झाली. त्यामुळे मार्चचा खांब सर्वांत उंच असणार, आणि तो पाहून मालक खूश होणार. पण नफ्याची रेघ नेमकी त्याच महिन्यात खाली गेली आहे. मार्चची विक्री जानेवारीच्या अडीच पटीहून जास्त आहे. नफा मात्र ६४ हजारांवरून १ लाख ८ हजारांवर, म्हणजे पावणेदोन पटीच्या आतच राहिला. सवलत जास्त दिली गेली, शेवटच्या आठवड्यात माल चढ्या भावाने उचलावा लागला, की महाग माल पडून राहून स्वस्त माल खपला, हे वहीतून शोधावे लागेल. आलेखाचे काम एवढेच की शोध कोठे घ्यायचा ते त्याने दाखवावे. नुसत्या खांबांनी ते दाखवले नसते.

या दुकानाच्या भाड्यात, पगारात आणि विजेच्या बिलात मार्चमध्ये किती वाढ झाली, तेही पाहायला हवे. दोन जादा माणसे ठेवली असतील तर वाढलेल्या ४४ हजारांतून त्यांचा पगार जाऊन हाती फार थोडे उरते. महिनाभर रात्रीपर्यंत उभे राहून केलेल्या मेहनतीचे मोल तेवढेच ठरत असेल, तर पुढच्या रमजानची खरेदी दोन महिने आधी करावी लागेल.

कृती कशी करावी

पहिल्या कॉलममध्ये महिने, दुसऱ्यात विक्री आणि तिसऱ्यात नफ्याचा टक्का लिहावा. वर मथळे द्यावेत. आकडे इंग्रजी अंकांत भरावेत आणि त्यांच्यापुढे 'रु.' किंवा 'मीटर' असे शब्द त्याच चौकटीत लिहू नयेत. शब्द आला की कम्प्युटर त्या आकड्याला मजकूर समजतो आणि आलेखात तो येत नाही. पहिल्या कॉलममध्ये महिन्यांऐवजी २०२३, २०२४ अशी साले असतील तर डाव्या कोपऱ्यातील मथळ्याची चौकट रिकामी ठेवावी. नाही तर सालाचा आकडाही माल समजून त्याचाही खांब काढला जातो.

सर्व आकडे निवडून एक्सेलमध्ये 'इन्सर्ट'मधून चार्टच्या यादीतील 'कॉम्बो' घ्यावा. विक्रीसाठी 'क्लस्टर्ड कॉलम' आणि टक्क्यासाठी 'लाइन' निवडून टक्क्यापुढील 'सेकंडरी ॲक्सिस'च्या चौकटीत खूण करावी. ही खूण विसरली तर लाखांच्या खांबांखाली टक्क्यांची रेघ जमिनीला चिकटते आणि दिसतच नाही. खूण केली की उजव्या बाजूला टक्क्यांची स्वतंत्र मोजपट्टी येते.

एक्सेल विकत घेणे परवडत नसेल तर लिबरऑफिसचे 'कॅल्क' मोफत आहे. त्यात 'कॉलम अँड लाइन' हा प्रकार निवडावा, मग रेघेवर उजवी क्लिक करून तिच्या 'ऑप्शन्स'मध्ये दुय्यम वाय-अक्ष ठरवावा. गुगल शीट्समध्ये 'कॉम्बो चार्ट' घेऊन 'सिरीज'मध्ये 'राइट ॲक्सिस' करावे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोन्ही आकड्यांचे खांबच ठेवून एकाला दुसरी मोजपट्टी दिली तर खांबावर खांब चढतो आणि मागचा झाकला जातो. म्हणून एक खांब आणि एक रेघ हीच जोडी बरी. दुसरे, देखणेपणासाठी थ्री-डी आलेखाच्या नादी लागू नये. एक्सेलमध्ये तसा आलेख दुसऱ्या प्रकाराशी जोडताच येत नाही, आणि त्यात उंचीही नीट वाचता येत नाही.

रेघ काळासाठी असते, हेही विसरू नये. जानेवारीनंतर फेब्रुवारी येतो, म्हणून त्यांना जोडणाऱ्या रेघेला अर्थ आहे. शाल, स्टोल आणि चादर अशा तीन मालांचा नफा रेघेने जोडला तर शाल आणि स्टोल यांच्यामधल्या रेघेला काहीच अर्थ नाही. तेथे रेघ काढून टाकून नुसते ठिपके ठेवावेत. एखाद्या महिन्याचा आकडा माहीत नसेल तर चौकट रिकामी सोडावी. शून्य लिहिले तर त्या महिन्यात नफाच झाला नाही, असे खोटे चित्र उभे राहते.

मापात पाप नको

दोन मोजपट्ट्यांच्या आलेखात मोठा धोका आहे तो मोजपट्टीचा. उजवी पट्टी १० ते २० टक्के ठेवली तर २० वरून १२ वर आलेला नफा कडेलोट झाल्यासारखा दिसतो. तीच पट्टी ० ते १०० टक्के केली तर रेघ जवळपास सपाट दिसते. आकडे तेच, पण एक चित्र घाबरवते आणि दुसरे झोपवते. कम्प्युटर मोजपट्टी आपल्या मनाने ठरवतो. त्याला तुमच्या धंद्याची कल्पना नसते. म्हणून पट्टी स्वतः ठरवावी आणि दर महिन्याला तीच ठेवावी. खांबांची पट्टी नेहमी शून्यापासूनच सुरू करावी, कारण खांब उंचीने मोजला जातो आणि बुडातून कापलेला खांब खोटे माप देतो.

तसेच, रेघ खांबाला कोठे छेदते यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. 'नफ्याची रेघ विक्रीच्या वर गेली' या वाक्याला अर्थ नाही. एक पट्टी थोडी हलवली की छेद दुसरीकडे जातो.

ही बाब भागीदारीत फार नाजूक ठरते. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत अशा मुदारबतच्या धंद्यात भांडवल देणारा दुकानात बसत नाही. त्याच्यासमोर जे कागद येतील त्यांवर तो विश्वास ठेवतो. मापात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. तराजूची दांडी मारणे आणि आलेखाची पट्टी मारणे यांत आम्हाला फरक वाटत नाही. भागीदाराला आलेख दाखवताना त्याखाली मूळ आकड्यांचा तक्ता जोडावा आणि दोन्ही पट्ट्यांना 'रुपये' आणि 'टक्के' अशी नावे स्पष्ट लिहावीत.

सूत आणि कापड : दोन भावांची शर्यत

यंत्रमागधारकाचा प्रश्न थोडा निराळा आहे. सूत किलोने घ्यायचे आणि ग्रे कापड मीटरने विकायचे. दोन्ही भाव रुपयांतच, पण एक दोनशेच्या घरात आणि दुसरा पंचविसाच्या. येथे दोन पट्ट्या लावण्यापेक्षा चांगला उपाय आहे. पहिल्या महिन्याचा भाव १०० धरावा आणि पुढील प्रत्येक भाव त्या हिशेबात बसवावा. समजा सूत किलोला २०० वरून २३० रुपयांवर गेले, तर ते ११५ झाले. कापड मीटरला २५ वरून २६ रुपयांवर गेले, तर ते १०४ झाले. आता दोन्ही रेघा एकाच पट्टीवर, १०० पासून एकत्र निघतात, आणि त्यांच्यातील वाढते अंतर स्वच्छ दिसते. कापडाचा भाव एका रुपयाने वाढला म्हणून समाधान मानणाऱ्याला हे अंतर सावध करील. मजुरीवर माग चालवणाऱ्याने पिकामागे मिळणाऱ्या पैशांची रेघ आणि वीजबिलाची रेघ याच पद्धतीने काढून पाहावी.

उधारीची आडवी रेघ

आणखी एक आलेख प्रत्येक कारखानदाराने काढावा, असे आम्ही सुचवतो. प्रत्येक बिलाची रक्कम खांबाने आणि पैसे मिळायला लागलेले दिवस ठिपक्यांनी मांडावेत. त्याच्या शेजारी आणखी एक कॉलम घेऊन प्रत्येक ओळीत ४५ हाच आकडा भरावा आणि त्यालाही उजवी पट्टी द्यावी. आलेखात ४५ दिवसांची आडवी रेघ येईल. तिच्या वर कोणत्या गिऱ्हाइकाचे ठिपके आहेत, ते एका नजरेत कळेल.

४५ हा आकडा आम्ही मनाने घेतलेला नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ सालच्या कायद्यातील कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवस. त्यासाठी आपला कारखाना 'उद्यम'वर नोंदलेला असला पाहिजे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला 'उद्यम'वर नोंद करता येते, पण या संरक्षणाचा लाभ मिळत नाही. उशीर झाल्यास कायदा चक्रवाढ व्याजाची तरतूद करतो. व्याजाबाबत आपली भूमिका ठरलेली आहे, ते घेण्याचा प्रश्नच नाही. परंतु कष्टाची मूळ रक्कम वेळेवर मागण्यात संकोच कशाला? सरकारी पोर्टलवर अशी तक्रार नोंदवता येते. आणि तक्रारीआधी गिऱ्हाइकासमोर त्याच्याच बिलांचा असा आलेख ठेवला तर बोलणे सोपे होते.

येथे एक खुलासा. विक्री हा महिनाभराचा आकडा आहे आणि येणे बाकी हा एका दिवसाचा. दोन्ही एका आलेखात घेताना बाकी प्रत्येक महिन्याच्या अखेरच्या तारखेचीच घ्यावी. एका महिन्यात ५ तारखेची आणि दुसऱ्यात २५ तारखेची असे करू नये.

एप्रिलची तुलना एप्रिलशी नको

शेवटचा मुद्दा आपल्या बाजाराचा खास आहे. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्याने रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. आपल्याकडे ईद २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला झाली. म्हणजे २०२४ च्या एप्रिलमध्ये ईदच्या खरेदीचे शेवटचे दहा दिवस होते आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये एकही नव्हता. दोन एप्रिलचे खांब शेजारी ठेवले तर धंदा कोसळल्यासारखा दिसेल, आणि मार्चचे खांब ठेवले तर भरभराट झाल्यासारखी. दोन्ही चित्रे खोटी. अशा आलेखावर विसंबून एखादा माणूस कामावरून कमी केला किंवा भलताच माल भरला, तर नुकसान मात्र खरे होते.

उपाय साधा आहे. विक्री रोजची रोज लिहावी आणि तारखेच्या शेजारी हिजरी महिना लिहिण्यासाठी एक कॉलम ठेवावा. मग १४४५ चा रमजान १४४६ च्या रमजानशी ताडून पाहता येतो. त्याहून चांगले म्हणजे आडव्या अक्षावर महिन्यांऐवजी 'ईदपूर्वी चौथा आठवडा, तिसरा आठवडा' अशी नावे द्यावीत. दोन वर्षांच्या विक्रीचे खांब शेजारी-शेजारी उभे करावेत आणि नफ्याच्या टक्क्यांच्या दोन रेघा वर घ्याव्यात. गिऱ्हाईक कोणत्या आठवड्यात येते आणि सवलत कोणत्या आठवड्यात द्यावी लागते, हे त्यातून समजते. दिवाळीच्या मालाचा धंदा करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. अधिक महिन्यामुळे दिवाळी काही वर्षे मागे सरकून पुन्हा पुढे जाते.

हिजरी महिन्याचा हा कॉलम जकातीच्या वेळीही उपयोगी पडतो. जकातीचे वर्ष चांद्र असते, आणि दुकानाच्या वह्या मार्चअखेर बंद होतात. दोन्ही तारखा एकाच तक्त्यात असल्या की जकातीच्या दिवशी हाती किती माल होता आणि किती येणे होते, हे काढायला वही उलथीपालथी करावी लागत नाही. मसल्याचा तपशील अर्थात आपल्या आलिमांना विचारावा.

आमची वाचकांना विनंती आहे की ही सारी चित्रे एकदम काढायला बसू नये. या महिन्यात फक्त मागील बारा महिन्यांची विक्री आणि नफ्याचा टक्का एवढे दोनच कॉलम भरावेत आणि एक आलेख काढून दुकानात आपल्या बैठकीसमोर लावावा. आपली शिकलेली मुले-मुली हे काम तासाभरात करतील. धंद्याच्या हिशेबात त्यांना घेण्याचे ते चांगले निमित्तही होईल. उधारीचा आलेख पुढच्या महिन्यात आणि हिजरी महिन्याचा कॉलम येत्या रमजानच्या आधी सुरू करावा. मेहनत आपल्या हाती आहे, बरकत देणारा अल्लाह आहे. मात्र मेहनत कोठे वाया जाते आहे, ते पाहणे हे आपलेच काम आहे.